अनुभव धागा : छायालेखक आणि दिग्दर्शक जॅक कार्डिफ

ब्रिटिश छायालेखक जॅक कार्डिफ (१९१४–२००९) यांना ‘ब्लॅक नार्सिसस’च्या छायालेखनासाठी ऑस्कर मिळाले, पुढे ते दिग्दर्शक झाले आणि उतारवयात पुन्हा कॅमेऱ्याकडे परतले. त्यांच्या कामाशी आपली गाठ कुठे पडली आणि दिग्दर्शनाकडे वळल्याने त्यांनी काय कमावले, काय गमावले असे आपल्याला वाटते, ते कृपया येथे लिहावे.

* * *

मी छायाचित्रणाचाच व्यवसाय करतो. ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’मध्ये समुद्रकिनाऱ्याचे दृश्य धुक्यातून उलगडते, आणि त्यासाठी कार्डिफ यांनी केवळ भिंगावर तोंडाची वाफ सोडली होती, हे वाचल्यापासून तो प्रयोग करून पाहण्याची इच्छा मनात होती. एप्रिलमध्ये अलिबागच्या किनाऱ्यावर एका लघुपटासाठी मी चार-पाच वेळा वाफ सोडली. परंतु भिंग उन्हाने इतके तापले होते की त्यावर वाफ धरेचना. अखेर सरबतवाल्याकडचा बर्फ रुमालात गुंडाळून भिंगाच्या कडेला धरला, तेव्हा ती धरली खरी, पण मग जाईचना.

* * *

आम्ही ससेक्समध्ये राहतो. ‘ब्लॅक नार्सिसस’मधला हिमालय पाइनवुड स्टुडिओत उभारलेला आहे, त्यातल्या दऱ्याखोऱ्या म्हणजे मोठ्या केलेल्या कृष्णधवल छायाचित्रांवर रंगीत खडूंनी रंग चढवलेले पडदे. बाहेरची काही दृश्ये मात्र आमच्याजवळच्या लेनर्ड्सली बागेतली आहेत. नोकरीनिमित्त दोन वर्षे दार्जिलिंगला राहिलेल्या बाबांना मे महिन्यात त्या बागेत नेले, तेव्हा फुललेल्या ऱ्होडोडेंड्रॉनपाशी ते बराच वेळ थांबले. रात्री चित्रपट पाहताना म्हणाले, “डोंगर खोटे आहेत, पण सकाळचा उजेड तिकडचाच आहे.”

* * *

माझे मत थोडे वेगळे आहे. ‘सन्स अँड लव्हर्स’ (१९६०) हा कार्डिफ यांनी दिग्दर्शित केलेला सर्वोत्तम चित्रपट, आणि रंगांच्या या जादूगाराने तो कृष्णधवल केला, शिवाय कॅमेरा फ्रेडी फ्रान्सिस यांच्या हाती सोपवला, याचे मला फार अप्रूप वाटते. दिग्दर्शनासाठी कार्डिफ यांना केवळ नामांकन मिळाले आणि ऑस्कर मिळाले ते फ्रान्सिस यांना! पुढे फ्रान्सिसही दिग्दर्शनाकडे वळले आणि भयपटांत रमले. कार्डिफ यांचे नंतरचे दिग्दर्शन मात्र, स्पष्टच सांगायचे तर, मला सामान्य वाटते.

* * *

सोलापूरला शाळेत असताना आम्ही चौघांनी ‘रॅम्बो’चा दुसरा भाग लागोपाठ दोन दिवस पाहिला. त्याचे छायालेखन सत्तरीच्या कार्डिफ यांनी केले होते, हे मला तब्बल वीस वर्षांनी, फिल्म सोसायटीत ‘द रेड शूज’ पाहून आल्यावर, त्यांच्या चित्रपटांची यादी चाळताना समजले. नाव पडद्यावर दोन्ही दिवस आलेच असणार. पण तेव्हा आम्ही अंधारात खुर्च्या चाचपडत होतो.