चिखली-वडणगे भागातील पाणंदींतून दिवसभराची सायकल सहल : मार्ग आणि वेग कसा ठरवावा?

रंकाळाकाठ (प्रश्न)

सस्नेह नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या वसाहतीचे सायकल मंडळ डिसेंबरमधील एका रविवारी प्रथमच शहराबाहेर दिवसभराच्या सहलीला जाणार आहे. पंधरा-वीस जण येतील. त्यांत गिअरच्या महागड्या सायकली असलेले तरुण आहेत, शाळकरी मुले आहेत आणि साठी ओलांडलेले, साध्या सायकलीवर आजही भाजी आणायला जाणारे दोघे काकाही आहेत. तरुणांना पन्हाळा हवा आहे. मला मात्र वाटते की हायवे टाळून उसाच्या शिवारातून, गावागावांतून फिरावे, वाटेत थांबावे, गप्पा माराव्यात आणि सर्वांनी एकत्रच परत यावे. असा मार्ग कोणता, आणि इतक्या निरनिराळ्या दमाची माणसे एकत्र कशी ठेवावीत, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

बंधाऱ्यावरचा

ताई, आपल्या गटाला शिवाजी पूल, आंबेवाडी, प्रयाग चिखली आणि परतताना वडणगेवरून पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यामार्गे कसबा बावडा हा फेरा योग्य ठरेल. आडवाटा धरून अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास भरेल आणि चढ जवळजवळ नाहीच. चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांचा संगम मानला जातो. तिथून पुढे नदीला पंचगंगा म्हणतात. घाटावर सावली असल्यामुळे पहिला मोठा थांबा तिथेच घ्यावा. मात्र संक्रांतीच्या सुमारास स्नानासाठी गर्दी असते, त्यामुळे सहल जानेवारीत ढकलली गेली तर ते दिवस टाळावेत.

राजाराम बंधाऱ्यावर सायकल हातात धरून चालत जावे, असा माझा आग्रह आहे. पावसाळ्यात याच ठिकाणच्या पाण्यावरून 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी मोजली जाते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. हिवाळ्यात बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असतात आणि वरच्या अंगाला पाणी तुडुंब असते. वाट अरुंद, त्यातच समोरून दुचाकी आल्या की नवख्याचे हँडल हमखास डगमगते.

पाणंदकर

मार्ग उत्तम आहे, पण डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम, हे विसरून चालणार नाही. नकाशावर सुंदर दिसणारी पाणंद (शेतांमधली गाडीवाट) प्रत्यक्षात ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्यांत फाटलेली असते आणि मधल्या उंचवट्यावर पाचट पसरलेले असते. त्या पाचटावरून अरुंद टायरची सायकल सर्रकन घसरते. शेजारच्या उसाला पाणी पाजले असेल आणि पाट फुटून पाणी वाटेवर आले असेल, तर काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी घट्ट बसते की काडीने उकरून काढल्याशिवाय चाक फिरत नाही. म्हणून आदल्या दिवशी कोणीतरी मोटारसायकलवरून मार्ग पाहून यावे. बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चरचे साहित्य, पंप आणि जादा ट्यूब घ्यावी. साध्या सायकलीचे चाक काढण्यासाठी पाना लागतो, हे गिअरवाल्यांच्या लक्षात राहत नाही.

दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागून आला तर सर्वांनी उतरून एकाच बाजूला उभे राहावे. गाण्याच्या आवाजात चालकाला घंटी ऐकू येत नाही आणि वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला कापत येते. अर्धे जण या कडेला, अर्धे त्या कडेला, हे तर कदापि नको.

घाटवाट

मी पन्हाळ्याच्या बाजूने लिहितो. अंतर जेमतेम वीस किलोमीटर आहे, गड शहरापेक्षा सुमारे 400 मीटर उंच आहे आणि वर पोहोचल्याचा आनंद सपाट रस्त्यावर मिळत नाही. तरीही आपण वर्णन केलेला गट पाहता, वाघबीळनंतरच्या चढावर निम्मे लोक सायकल ढकलत येतील, हे मला मान्य करावे लागते. शिवाय रत्नागिरी मार्गावरील जड वाहतूक मुलांना घेऊन जाण्याजोगी नाही. तरुणांसाठी पन्हाळा निराळ्या रविवारी ठेवावा.

चेनगार्ड

एकत्र राहण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. सहलीचा वेग सर्वांत हळू चालवणारा ठरवतो, आणि हे निघण्यापूर्वीच मोकळेपणाने सांगितले तर पुढच्यांची चिडचिड होत नाही व मागच्यांना ओशाळल्यासारखे वाटत नाही. सर्वांत शेवटी अनुभवी, ताकदीचा आणि बोलका माणूस ठेवावा, कारण मागे पडलेल्याला सल्ल्यापेक्षा सोबत हवी असते. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर एकाला उभे करावे आणि शेवटचा माणूस येईपर्यंत त्याने जागा सोडू नये. मोबाइलवरील नकाशाच्या भरवशावर राहू नये, कारण उसाच्या दोन फडांमधल्या वाटा त्यात अनेकदा सापडत नाहीत. आणखी एक चूक सर्रास होते : पुढचे लोक थांबून विश्रांती घेतात आणि मागचे पोहोचताच लगेच निघतात. ज्याला विश्रांतीची खरी गरज, त्यालाच ती मिळत नाही.

तरुणांची रग जिरवायची असेल तर त्यांना गुऱ्हाळावर पुढे पाठवावे. परवानगी घेणे, सायकली लावण्यासाठी जागा पाहणे ही कामे ते आनंदाने करतात. एका आधणाला, म्हणजे एकदा भरलेला रस आटवून गूळ करायला, दोन-अडीच तास लागतात, त्यामुळे काहील (रसाची मोठी कढई) कधी उतरणार हे आधी विचारून वेळ जुळवावी. शेवटी गुळव्या (गूळ तयार करणारा कारागीर) उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळते का, हे पाहतो. मुलांना तेवढे तरी दाखवाच. त्या क्षणी त्याला प्रश्न विचारू नयेत, एका गोळीवर अख्खे आधण अवलंबून असते. ताजी काकवी मात्र बेताने द्यावी.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चिखली-वडणगे फेरा निश्चित केला आहे. पाणंदकर यांच्या सूचनेप्रमाणे शनिवारी दोघे जण वाट पाहून येतील आणि चाकोऱ्या फार खोल असतील तर तेवढा भाग गावच्या डांबरी रस्त्याने घेऊ. सूर्योदय सातच्या सुमारास असल्यामुळे उजाडताच शिवाजी पुलावरून निघू. मिसळ निघताना न खाता बावड्यात परतल्यावर खावी, असे मी सुचवले, त्यावर मात्र तरुण आणि काका दोघेही एकमुखाने विरोधात गेले आहेत. निघताना केळी आणि शेंगदाण्याची चिक्की देऊन भागवावे, असा माझा विचार आहे. कटाचा रस्सा पिऊन लगेच पॅडल मारणे कोणाला मानवत असेल, तर त्यांनी तसे कळवावे.