मोहफुलं पोळ्यापर्यंत टिकवायची कशी? सासूबाई म्हणतात आताच विकून टाक

नमस्कार. मी चिखलदरा तालुक्यातली. माहेर अचलपूरकडचं, सपाटीवरचं, त्यामुळं मोहाचं सारं इथं येऊनच शिकले. आमचा अकरा बायांचा बचत गट आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चारला बॅटरी घेऊन निघतो, काऊन की ऊन चढलं की फूल मलूल होते अन् जनावरं खाऊन जातात. अस्वलाचंही भ्या असते. एकदा आमच्यातली एक टोपली टाकून पळाली, परत गेलो तर अस्वलानं टोपली चाटूनपुसून साफ केलेली!

व्यापारी बाजाराच्या दिवशी येते, पायलीनं (वजन नाही, भरून मोजायचं माप) मापते अन् बदल्यात मीठ-कांदे देते. पावसाळ्यात भाव चढतो हे साऱ्यांले ठाऊक. म्हणून मागच्या वर्षी दोन पोती ठेवली. जुलैत उघडली तर गोळे झालेले, बुरशी, आंबूस वास. सासूबाई अजून ऐकवतात. यंदा परत ठेवू का? ठेवायचं तर कसं?

धारणीकडची मावशी:
बाई, बारदान्यात भरलं असशील. बारदाना ओल ओढते. अन् वाळवलं किती दिवस? आमी तीन-चार दिवस कडक उन्हात, तेही सारवलेल्या अंगणात, रोज उलथापालथ करून. पांढरं-पिवळं फूल लालसर तपकिरी व्हावं. मूठ घट्ट दाबून सोडायची, फुलं एकमेकाले चिकटली तर अजून कच्चं आहे. अन् एक गोष्ट कोणी सांगत नाही: उन्हातून उचललं की लगेच भरू नको. गरम भरलं की आत घाम सुटते. रातभर घरात थंड होऊ दे, मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून चुलीवरच्या माळ्यावर ठेव. धूर लागते, कीड लागत नाई.

गडचिरोलीहून:
ताई, साठवण झालीच, पण पायली बंद करा. वनहक्क कायदा २००६ प्रमाणे गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून मोहफुलासारखा जंगलातला माल, गोळा करायचा अन् विकायचा हक्क तुमचा आहे. गावाला सामूहिक हक्क मिळाला असेल तर ग्रामसभेची समिती वाहतूक परवानाही देऊ शकते. माल एकत्र करून किलोनं विका. २०२० मध्ये केंद्रानं सुक्या मोहफुलाचा हमीभाव किलोला १७ वरून ३० रुपये केला होता, तेव्हा त्याच्या खाली तर बोलणंच नको. अन् झाडाखालचा पाला जाळू नका, जुनी लुगडी अंथरा. फूलही स्वच्छ येते, जंगलही पेटत नाई.

प्रश्न विचारणारी (नंतर):
मावशी, गरम भरलंच होतं! चूक समजली.

दादा, काल वजनकाटा मागून आणला. व्यापारी पायली आमच्याकडंच ठेवून जाते, ती भरून मोजली. मग सासूबाईंनी आतून त्यांच्या सासूची लाकडी पायली काढली अन् तीही भरली. व्यापाऱ्याची मोठी निघाली, दीड मूठ जास्त. सासूबाई काहीच बोलल्या नाईत, फक्त विचारलं, "लुगडी किती लागतीन?"