शाखाधिकारीपद सोडून डेस्क मागावं का? बँकवाल्यांचा सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

मी सरकारी बँकेत स्केल टूवर (मॅनेजर) आहे, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखा सांभाळते. बँकेचं नाव लिहीत नाही, समजून घ्या.

काम जास्त आहे ही तक्रार नाही. २०१६ ला नोटाबंदीत कॅशला होते. घरी पोचायला रात्र व्हायची, पण पाठ टेकली की झोप. आता वेळेत निघाले तरी पहाटे तीनला टक्क जागी. रीजनल ऑफिसची व्हीसी (व्हिडिओ मीटिंग) असली की दुपारपासून पोटात मुरडा. बीपीची गोळी सुरू झालीय. लेकीने ‘आई, एक विचारू?’ म्हटलं तरी वसकन अंगावर जाते.

जे माझ्या हातात नाही त्याचा जाब मला द्यावा लागतो, दुखणं तिथे आहे. पीककर्जाचंच घ्या. २०१७ आणि २०१९ ची माफी लोकांनी पाहिलीय, त्यामुळे पुन्हा कुणकुण लागली की वसुली ठप्प. तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर व्याज शून्य, हे सांगून घसा बसला. त्यांचं तरी काय चुकतं? सोयाबीनला भाव नाही तर भरणार कुठून! पण दोन हंगाम थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, आणि व्हीसीत सगळ्यांसमोर ‘मॅडम, फील्डवर जाता की नाही?’

वर विम्याचं टार्गेट. लॉगिन डे, म्हणजे पॉलिसी विकायच्या मोहिमेचा दिवस, असला की दर दोन तासांनी ग्रुपवर आकडा टाकायचा. कर्ज मागायला आलेल्या माणसाच्या गळ्यात पॉलिसी मारताना मान वर होत नाही. हा ताण कामाच्या तासांत मोजता येत नाही, म्हणून घरच्यांना सांगूनही कळत नाही. मिस्टर म्हणतात, रजा टाक. रजेतही फोन चालूच असतो.

तर विचारायचं हे: प्रोसेसिंग सेंटरला (जिथे कर्जाची प्रकरणं तपासतात, तिथे डेस्कवर) बदली मागितली तर स्केल थ्रीच्या प्रमोशनच्या इंटरव्ह्यूत ते नडतं का? युनियनमार्फत जावं की थेट एचआरला? आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले तर बँकेत कळतं का? ‘योगा करा, पॉझिटिव्ह राहा’ कृपया नको. रोज सकाळी चालायला जातेच.

प्रतिसाद १
मॅडम, मी निवृत्त बँकर. अर्ज लेखीच द्या, पोच घ्या, एक प्रत युनियनला. बदल्यांच्या याद्या निघायच्या आत द्या, नंतर कुणी ऐकत नाही. इंटरव्ह्यूत विचारतीलच. ‘क्रेडिट शिकायचं होतं’ म्हणा, खोटंही नाही ते.

प्रतिसाद २
तुम्ही म्हणताय तेच कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलंय: मागण्या जास्त आणि अधिकार कमी, अशा कामात ताण सर्वाधिक. तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ पाहा. रजेच्या सर्टिफिकेटवर काय लिहायचं ते मात्र त्यांच्याशी आधी बोला. तोवर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बीपीच्या डॉक्टरांनाही झोपेचं सांगा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. अर्जात बीपीचा उल्लेख करू का? की त्यावरून ‘अनफिट’चा शिक्का बसेल?