मदत हवी आहे: कोलोराडोतला लॉटरीचा पैसा आमच्या पार्कला मिळू शकतो का?

नमस्कार मंडळी, कोलोराडोत राहणारं किंवा इथल्या लोकल गव्हर्नमेंटशी पाला पडलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा. आमच्या सबडिव्हिजनच्या मागे ओढ्याच्या कडेने लांबट मोकळी जागा आहे, तिथे एक जुनं प्लेग्राउंड आणि अर्धवट सोडलेली ट्रेल आहे, म्हणजे काँक्रीटचा रस्ता झोकात सुरू होतो आणि पुढे गवतात गडप. घसरगुंडीला तडा गेल्यापासून तिला पिवळी पट्टी गुंडाळून ठेवलीय. एचओएच्या (म्हणजे घरमालकांच्या सोसायटीच्या) मीटिंगमधे विषय काढला की ठरलेलं उत्तर, "मग ड्यूज वाढवावे लागतील", की सगळे गप्प.

एका शेजाऱ्यांकडून कळलं की या राज्यात लॉटरीचा नफा पार्क आणि मोकळ्या जमिनींसाठीच राखून ठेवलाय. मग जरा वाचलं. मला समजलं ते असं, की बक्षिसं आणि खर्च वजा जाऊन जे उरतं त्यातले ४० टक्के कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट फंडातून गावं, काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) वगैरेंना, १० टक्के स्टेट पार्क्सना, आणि ५० टक्क्यांपर्यंत ग्रेट आउटडोअर्स कोलोराडोला, ज्याला इथे सगळे गोको म्हणतात. गोकोला वर्षाची मर्यादा आहे (१९९२ च्या हिशोबाने ३.५ कोटी डॉलर, महागाईप्रमाणे वाढत जाणारी), त्यावरचं मुख्यतः शाळांच्या इमारतींना जातं.

आता मुद्दा. एचओए म्हणून आम्ही डायरेक्ट अर्ज करू शकतो का? नसेल तर कोणाला धरायचं? आणि अजून एक, गावाबाहेर एक रँच आहे, ती म्हणे लॉटरीच्या पैशातून "वाचवली", पण गेटवर आत येऊ नये अशी पाटी. हा काय प्रकार आहे?

प्रतिसाद:
एचओएला थेट नाही मिळणार. गोकोची ग्रँट गाव, काउंटी, पार्कचं काम करणारे डिस्ट्रिक्ट, जमीन राखणाऱ्या ना-नफा संस्था म्हणजे लँड ट्रस्ट, आणि राज्याचं पार्क-वन्यजीव खातं यांच्यासाठी असते, तीही स्पर्धेतून. ४० टक्केवाला पैसा वेगळा, त्याला स्पर्धा नाही, राज्याचं डिपार्टमेंट ऑफ लोकल अफेअर्स तो दर तिमाहीला लोकसंख्येच्या हिशोबाने वाटतं, न मागता येतो. लोक गोकोच्या मागे धावतात पण तडा गेलेल्या घसरगुंडीसाठी हाच पैसा जास्त कामाचा, कारण तो नवीन जागा घेण्याबरोबरच सार्वजनिक जागेवरच्या दुरुस्ती-देखभालीलाही चालतो. "सार्वजनिक" हा शब्द मात्र महत्त्वाचा. त्यामुळे आधी जागा कोणाच्या नावावर आहे ते काउंटी असेसरच्या (मालमत्तेची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसच्या) साइटवर बघा, नकाशावर क्लिक केलं की मालक दिसतो. आणि प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढून त्यात मेट्रो डिस्ट्रिक्टची ओळ आहे का बघा. इथल्या नव्या वस्त्यांमधे एचओए आणि मेट्रो डिस्ट्रिक्ट दोन्ही असतात आणि लोक दोघांना एकच समजतात. एचओए खाजगी, मेट्रो डिस्ट्रिक्ट मात्र वस्तीतल्या सोयींसाठी टॅक्स घेणारी सरकारी संस्था, आणि तिला पार्कचे अधिकार असतील तर ती स्वतःच या फंडाला पात्र ठरू शकते.

प्रतिसाद:
रँचबद्दल लिहितो. बहुतेक तिथे कॉन्झर्व्हेशन ईझमेंट असणार. म्हणजे जमीन विकलेली नसते, मालक तोच, गुरंही त्याचीच, फक्त तिथे घरं बांधायचा हक्क तो कायमचा सोडून देतो आणि त्या हक्काचे पैसे घेतो, किंवा काही भाग दान करून टॅक्समधे सवलत घेतो. पुढे जमीन विकली तरी ही अट जमिनीबरोबर जाते, आणि ती पाळली जातेय का हे बघायचं काम लँड ट्रस्टचं. सगळीच जमीन विकत घेण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. आत फिरायचा हक्क त्यात आपोआप येत नाही, म्हणून पाटी. डेन्व्हरहून कोलोराडो स्प्रिंग्जला जाताना आय-२५ हायवेच्या कडेला ग्रीनलँड रँच लागते ना, तिथेही गोकोचा पैसा आहे आणि ती आजही चालू रँच आहे. शेजारच्या ग्रीनलँड ओपन स्पेसमधे मात्र ट्रेलवर कोणीही जाऊ शकतं. ही शहरं एकमेकांना चिकटली नाहीत यात या जमिनीचा मोठा हात आहे, त्यामुळे आत जाता आलं नाही तरी मला हा पैसा वाया गेलाय असं वाटत नाही.

प्रतिसाद:
हे सगळं छान, पण तिकिटं घेणार कोण आणि ट्रेलवर सायकली फिरवणार कोण? हा एक प्रकारे गरिबांवरचाच टॅक्स आहे. असो, धाग्याचा विषय नाही.

प्रतिसाद:
विषय नाही पण मुद्दा बरोबर आहे. फक्त हेही बघा, की लॉटरी १९८३ ला सुरू झाली आणि सुरुवातीच्या वर्षांत बराच पैसा तुरुंगांसकट सरकारी इमारतींकडे वळवला गेला. म्हणून तर १९९२ ला मतदारांनी वाटप थेट कोलोराडोच्या राज्यघटनेत घातलं. आणि हा पैसा वापरून कोणाची जमीन सक्तीने घेता येत नाही, हेही त्यातच आहे.
मिनेसोटात पण लॉटरीच्या निव्वळ नफ्यातले ४० टक्के पर्यावरण निधीत जातात, तिथल्या लोकांनी २०२४ मधे मतदान करून ते पुढे चालू ठेवलं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार! असेसरच्या साइटवर बघितलं. ओढ्याकाठची पट्टी आणि ट्रेल मेट्रो डिस्ट्रिक्टची निघाली, प्लेग्राउंडचा तुकडा तेवढा एचओएचा. म्हणजे घसरगुंडी अडकलीच का?

प्रतिसाद:
अडकली असं नाही. एचओए तो तुकडा डिस्ट्रिक्टला देऊन टाकू शकते, तुमच्या बोर्डाला देखभालीचं ओझं गेलं तर आनंदच होईल, पण ती जागा मग सगळ्यांना खुली होणार, बाहेरची मुलं येणार, यावरून भांडणं होतात, तयारी ठेवा. वकिलाचं काम आहे, वेळ लागेल. तोवर ट्रेलचं बघा. डिस्ट्रिक्टला पुढच्या वर्षाच्या बजेटचा मसुदा १५ ऑक्टोबरपर्यंत बोर्डापुढे ठेवावा लागतो आणि मग जाहीर सुनावणी होते, तिथे कोणीही बोलू शकतं. कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट फंडाचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो, तेव्हा "त्यात शिल्लक किती आणि गेल्या वर्षी कशावर खर्च केलात" एवढंच आधी ईमेलवर लेखी विचारा. उत्तर आलं की इथे टाका, गोकोसाठी गावाला सोबत घ्यायचं का ते त्यावर ठरेल, कारण ट्रेल गावाच्या ट्रेलला जोडणारी असेल तर अर्जात वजन येतं.