जीआयएल आहे म्हणून लॉक नको?

निशाचर : काल इथेच वाचलं, "पायथनमध्ये जीआयएल आहे, एका वेळी एकच थ्रेड चालतो, मग सामाईक व्हेरिएबलला लॉक कशाला?" राहवलं नाही. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममधली शेजारी-शेजारी चालणारी कामं, लॉक म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप. जीआयएल (ग्लोबल इंटरप्रिटर लॉक) इंटरप्रिटरला, म्हणजे पायथन कोड चालवणाऱ्या प्रोग्रामला सांभाळतो, तुमच्या हिशेबाला नाही. काउंट += १ म्हणजे वाचा, वाढवा, परत लिहा. मध्येच दुसऱ्या थ्रेडची पाळी आली की एक वाढ बुडाली.

सह्याद्रीकर : ते वाक्य माझंच. तुम्ही चालवून पाहिलंत का? पायथन ३.११ वर दोन थ्रेड, प्रत्येकी १० लाख वेळा. उत्तर २० लाख, दर वेळी. पुस्तकी भीती घालू नका.

निशाचर : येणारच! ३.१० पासून पाळी बदलायची का, हे लूप मागे वळताना नाहीतर फंक्शन कॉलला तपासलं जातं. तुमच्या ओळीत कॉलच नाही. १ परत देणारं मोजा() हे फंक्शन करा, काउंट += मोजा() लिहा आणि मग आकडा सांगा. ती आवृत्तीची अंतर्गत रचना आहे, भाषेने दिलेला शब्द नव्हे.

जुना गडी : मी हे भोगलंय. बस आरक्षणाचं काम होतं. शिल्लक सीट आहे का बघायचं, पैसे घ्यायचे, मग एक वजा करायची. गणपतीच्या तोंडावर एकच सीट दोघांना गेली. रात्री दीडला फोन, आणि शिव्या मी खाल्ल्या. तपासणं आणि वजा करणं एकाच लॉकमध्ये घेतलं तेव्हा सुटलो.

पाटी-पेन्सिल : मुळात व्हेरिएबल सामाईक ठेवताच कशाला? क्यू वापरा, म्हणजे थ्रेडनी एकमेकांना काम द्यायची रांग. पण शिकवतं कोण? मुलाखतीत "जीआयएल म्हणजे काय" विचारतात, पोरं पाठ केलेली ओळ म्हणतात, पास होतात.

सह्याद्रीकर : मुलाखतीचा इथे काय संबंध?

पाटी-पेन्सिल : तीच पाठ ओळ तुम्ही काल लिहिलीत, हा संबंध.

जुना गडी : क्यू सगळीकडे चालत नाही हो. सीटचा आकडा कुठेतरी एकाच जागी राहणारच.

पाटी-पेन्सिल : मग त्या जागेचा मालक एकच थ्रेड ठेवा, बाकीच्यांनी मागणी पाठवावी. माझ्या मुलीला चार वर्षांच्या पदवीत हे एकदाही करायला लावलं नाही. डेडलॉकच्या (थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत कायमचे अडकण्याच्या) चार अटी मात्र तोंडपाठ. परीक्षेत ५ गुणांना येतात ना!

निशाचर : अटी पाठ असण्यात वाईट काय? मला त्यांनीच दोनदा वाचवलंय.

पाटी-पेन्सिल : तुम्ही कोड लिहून शिकलात म्हणून वाचवलं.

सह्याद्रीकर : मोजा() घालून चालवलं. २० लाखांच्या बरेच खाली आलं. ठीक आहे, त्या ओळीपुरतं मान्य. साध्या += चं मत मी बदललेलं नाही.

निशाचर : २०२४ च्या ३.१३ मध्ये जीआयएलशिवायचा प्रायोगिक बिल्ड आलाय. त्यावर तीच साधी ओळ चालवा.