घरगुती सर्व्हर: कोणती ऑपरेटिंग सिस्टीम निवडावी आणि ती सुरक्षित कशी ठेवावी?

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची अद्यतने थांबली, तेव्हापासून घरातला एक जुना लॅपटॉप पडून आहे. त्यात 8 जीबी रॅम आणि एकच एसएसडी आहे. कुटुंबाचे फोटो आणि कागदपत्रे ठेवण्यासाठी त्यावर डॉकरमध्ये (प्रत्येक ॲप कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) इमिच (फोटोंसाठी) आणि नेक्स्टक्लाउड (फाइलींसाठी) चालवण्याचा विचार आहे. लिनक्सशी माझी ओळख जेमतेमच आहे.

ट्रूनॅस या फाइल-साठवणुकीच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळा कारभार ब्राउझरमधून होतो, म्हणून आधी तिचाच मोह पडला होता. परंतु ती ज्या डिस्कवर बसते तिथे आपला डेटा ठेवू देत नाही, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर तिचा उपयोग नाही. उरल्या लिनक्सच्या दोन ऑपरेटिंग सिस्टीम, डेबियन 13 आणि उबुंटू सर्व्हर 24.04. सुरक्षा-अद्यतने दोहोंना सुमारे पाच वर्षे मिळतात, मग नवशिक्याने काय पाहून ठरवावे?

शिवाय राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता 100.72 ने सुरू होतो, म्हणजे हे सीजीनॅट (इंटरनेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटणे) असणार आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राउटरच्या ठरावीक दारातून (पोर्टमधून) सर्व्हरकडे वळवण्याचा, मार्ग बंद. बाहेरगावी असताना फोटो कसे पाहावेत? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ट्रूनॅसबद्दलचा आपला निष्कर्ष योग्य आहे. मी डेबियन घेईन, कारण तिच्यात नको असलेले कमी असते. पण उबुंटू घेतलीत तरी काही बिघडत नाही. डेबियन बसवताना रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडा, म्हणजे आपल्या खात्याला सुडोचा, म्हणजे प्रशासकाच्या आज्ञा चालवण्याचा, अधिकार आपोआप मिळतो. डेस्कटॉप (खिडक्या-चित्रांचा पडदा) बसवू नका. एसएसएचसाठी (दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरमध्ये सुरक्षित प्रवेश करण्याची सोय) किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी फाइल, तयार करा, तिने प्रवेश होतो याची खात्री करून घ्या आणि मगच पासवर्डने होणारा प्रवेश बंद करा. अनअटेंडेड-अपग्रेड्स (अद्यतने आपोआप बसवणारी सोय) सुरू ठेवा. मात्र त्यातून कंटेनर अद्ययावत होत नाहीत, ते काम वेगळे करावे लागते.

फायरवॉलबाबत विशेष काळजी घ्या. डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना बगल देतात, म्हणजे नियमांच्या यादीत बंद दिसणारे दार प्रत्यक्षात उघडे असू शकते. जे पोर्ट फक्त त्याच यंत्रावर लागतात ते 127.0.0.1 ला, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्याच पत्त्याला, बांधावेत.

सीजीनॅट ही आपल्यासाठी इष्टापत्तीच समजा, कारण निदान आयपीव्ही4 (इंटरनेटची जुनी पत्तापद्धत) वरून कोणी थेट आत येऊ शकत नाही. राउटरने आयपीव्ही6 (नवी पत्तापद्धत) दिले असेल, तर त्याची फायरवॉल तेवढी तपासा. सर्व्हरवर आणि घरच्यांच्या फोनवर टेलस्केल (आपल्या उपकरणांचे खाजगी जाळे बनवणारे ॲप) टाका, म्हणजे बाहेरगावीही फोटो पाहता येतील. ते वायरगार्ड या सांकेतिक जोडणीच्या पद्धतीवर चालते आणि त्याला पोर्ट उघडावा लागत नाही. एसएसडी एकच असल्यामुळे बाह्य डिस्कवर नियमित बॅकअप घ्या आणि तो परत उतरवता येतो का, हे फोनमधले मूळ फोटो पुसण्यापूर्वी एकदा करून पाहा.