धैर्य पुस्तकात कुठं सापडतं? – नागपूरकरांचा अनुभव धागा (नावाच्या जागी मोहल्ला)

स्वातंत्र्य आणि हिंमत वाचनातून नेमकी कशी हाती लागते, ते सांगा. सुविचार नकोत, काय, कसं वाचायचं ते लिहा.

इंदोरा
‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या बाबासाहेब आंबेडकरांच्या पुस्तकाची मराठी प्रत घेताना आधी अनुक्रमणिका पाहा. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाशी झालेला पत्रव्यवहार त्यात नसेल, तर दुसरी प्रत मागा. या मंडळानंच त्यांना भाषणाला बोलावलं होतं, पण लिहून पाठवलेल्या भाषणातला काही मजकूर मंडळाला खटकला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं. भाषण झालंच नाही, आणि १९३६ साली त्यांनी ते स्वतः छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. पत्रं गाळून वाचलं की उरते ती फक्त विद्वत्ता. किंमत मोजून लिहिलंय, हे पत्रांतच कळतं. १९३७ची आवृत्ती मिळाली तर उत्तमच, तिच्यात गांधीजींचा आक्षेप आणि त्याला दिलेलं उत्तरही आहे.

लक्ष्मीनगर
दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकं घेणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारनंतर उभं राहून पानं चाळायला जागा मिळत नाही. बांधणी तपासा. सोळा पानांचा फर्मा (एकत्र दुमडून शिवलेला पानांचा गठ्ठा) असेल तर १६-१७, ३२-३३, ४८-४९ हे सांधे उलटून पाहायचे. एखादा फर्मा गळालेला किंवा दोनदा शिवलेला असतो, आणि युक्तिवाद नेमका तिथंच तुटतो. आतल्या पानावर ‘संक्षिप्त’ लिहिलंय का, तेही बघा.

धरमपेठ
ताई-दादांनो, ताराबाई शिंदेंची ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं वाचा. बाई आपल्या बुलढाण्याच्या, आणि लिहिलंय बोलल्यासारखं. वाक्यं लांबलचक आहेत. पेन्सिलीनं श्वासाच्या जागी तिरकी रेघ मारत चला, एका बैठकीला चार पानं पुरे. त्याआधी सुरतच्या विजयालक्ष्मीचा १८८१चा खटला समजून घ्या. तरुण विधवेवर नवजात बाळाला मारल्याचा आरोप होता, आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंचा संताप त्याला उत्तर आहे. हा संदर्भ नसला की लोकांना त्यांची भाषा उगाच कडक वाटते.

सीताबर्डी
वसंत मून यांचं ‘वस्ती’ हे आत्मकथन वाचताना गल्ल्या, शाळा, विहिरी कागदावर मांडत जा. त्यातला महारपुरा आपल्या नागपुरातलाच, त्यामुळे नकाशा पटकन जमतो. धाडस एकट्या माणसाचं नसून मोहल्ल्याचं कसं असतं, ते त्यात दिसतं.

महाल
गटानं वाचायचं तर आठ जण बस्स. पंधरा झाले की तिघंच बोलतात. चर्चेआधी प्रत्येकानं न पटलेलं एक वाक्य वहीत पान क्रमांकासह लिहून आणावं. सगळे आवडलेलंच आणायला लागले की बैठक आरतीसारखी होते, आणि मतभेद मांडायची सवय, जिच्यासाठी जमतो, तीच लागत नाही.

इंदोरा
महालवाल्या भाऊंच्या गटाला सुरुवातीला ‘गुलामगिरी’ (१८७३) बरी. जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवादच आहे. धोंडीबाचे प्रश्न गटातल्या सर्वांत लहान मुलाला वाचायला द्या.